अडकित्ते, नाटक आणि सिंहगड

पाय प्रचंड दुखतायत, पण मन भरलंय!

शनिवारी दुपारी भाचीला घेऊन बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात गेलो. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हा सगळा संसार गोळा केला. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, वाद्यं. रोजच्या वापरातल्या वस्तूंवर लोकांनी किती जीव ओतला होता! साध्या सुपारीसाठी एवढं कोरीवकाम? भाची अडकित्त्यांपुढून हलेचना. कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल मीही पुन्हा डोळे भरून पाहिला. संध्याकाळी बालगंधर्वला नाटक. घरी पोचेपर्यंत बारा वाजले.

तरी रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढायला सुरुवात केली. धुकं, चिखल, मध्येच सर, आणि वाटेत ताक विकणाऱ्या मावशी. १६७० साली तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे रात्री कडा चढले होते, आपण दिवसाउजेडी मळलेल्या वाटेनं धापा टाकतो, हे दरवेळी जाणवतं. समाधीपाशी भाचीने स्वतःहून चपला काढल्या. मला फार बरं वाटलं. मग देवटाक्याचं गार पाणी, पिठलं-भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही.

फक्त एक विनंती. गडावर प्लास्टिकच्या बाटल्या टाकू नका. उतरताना आम्ही पिशवीभर गोळा केल्या, तरी कितीतरी राहिल्याच. पुढच्या रविवारी मोठ्या पिशव्या घेऊन पुन्हा जाणार आहोत. कोण कोण येतंय?