स्कूबा गाइड ते कमर्शियल डायव्हर, माझा अनुभव

मालवणात स्कूबा गाइड म्हणून चार सीझन काढले होते त्यामुळे मला वाटायचं कमर्शियल डायव्हिंग म्हणजे तेच काम, फक्त जरा खोल आणि पगार जास्त. एका एजंटने हे बरोबर हेरलं, पैसे घेतले आणि एक सर्टिफिकेट हातात टेकवलं, ते एकाही कंपनीने धरलं नाही. घरच्यांचे पैसे होते ते, अजून आठवलं की जीव जळतो. म्हणून नवीन पोरांना कळकळीने सांगतो, फी भरायच्या आधी सर्टिफिकेट इम्काच्या (IMCA, समुद्रातली कामं करणाऱ्या कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) यादीत आहे का ते स्वतः बघा, आणि त्याच्याही आधी डायव्हिंग मेडिकल करून घ्या. कान, फुप्फुसं, छातीचा एक्सरे, सगळं बघतात, कोर्स झाल्यावर कानात प्रॉब्लेम निघाला तर सगळंच पाण्यात.

दुसऱ्या वेळी नीट चौकशी करून सरफेस सप्लायचा कोर्स केला. यात पाठीवरची बाटली फक्त इमर्जन्सीला, हवा वरून येते, आणि हवेवर 50 मीटरपर्यंतच काम, त्याच्या खाली हेलियम लागतो.

कोर्स झाला तरी लगेच कोणी पाण्यात सोडत नाही. मी पावणेदोन वर्षं टेंडर होतो, म्हणजे वर उभं राहून डायव्हरची अंबिलिकल सांभाळायची. हवेची होज, बोलायची वायर, खोली मोजायची न्यूमोची नळी असं सगळं त्यात एकत्र बांधलेलं असतं. जास्त ढील दिली तर ती कशात तरी अडकते, कमी दिली तर माणूस ओढला जातो. लहानपणी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढलेली असल्यामुळे दोरीला खाली काय चाललंय ते हाताला लगेच कळायचं, आणि खरं सांगू, डायव्हर मी तिथेच झालो.

कामाची पहिली डाइव्ह मुंबई बंदरात, एका टगची, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीची, झिंक बदलायची होती, म्हणजे बोटीचं लोखंड गंजू नये म्हणून लावलेले जस्ताचे ठोकळे. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते दिवस बघून काम धरलेलं, कारण उधाणाला तिथे पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं आणि करंट उभं राहू देत नाही. प्रोपेलर लॉक केल्याची सही आल्यावरच सुपरवायझरने हेल्मेट चढवायला सांगितलं. दोन मीटरवरच उजेड संपला, काचेला हात लावला तरी हात दिसेना, नुसता माझ्याच श्वासाचा आवाज. बोल्ट सापडेना, पाना मनगटाला बांधलेला होता तो पण दोनदा सुटला आणि श्वास इतका वाढला की वर ऐकू गेला. सुपरवायझर म्हणाले, "बाळा, काम राहूदे, बोटीच्या पत्र्यावर हात ठेव आणि आधी श्वास घे." ठेवला. गार, खरबरीत पत्रा, त्यावर कालवांची धार. मग बोटांनीच चाचपत गेलो आणि बोल्ट सापडला.

लॉगबुकात कामाची पहिली ओळ पडली, 7 मीटर, 48 मिनिटं, खाली सुपरवायझरांची सही. जेवण झाल्यावर पुढच्या डायव्हरची होज धरायला परत मीच उभा राहिलो.