निम्मा सिंहगड

जुलै 2018. लडाखमधलं स्टोक कांगरी, 6,153 मीटर. हे शिखर 2020 पासून पायथ्याच्या स्टोक गावकऱ्यांनी बंद ठेवलंय. गावाचं पाणी त्याच्याच हिमनदीतून येतं, तेव्हा बरोबरच केलं म्हणायचं. त्या वर्षी मात्र मी नऊ जणांना घेऊन तिथे होतो.

रात्री अकराला बेस कॅम्प सोडला, रोप बांधून हिमनदी ओलांडली आणि उजाडता उजाडता साधारण 5,900 मीटरवर, शिखराखालच्या खांद्याला, म्हणजे शोल्डरला पोचलो. पुढे नुसती खडकाळ धार.

ग्रुपमधले काका हातमोजा घालत होते. तिसऱ्यांदा, आणि तोही उलटा. वय 52, वर्षभर दर रविवारी पाठीवर दहा किलो घेऊन सिंहगड चढलेला माणूस. चहा पुढे केला तर त्यांचा हात कपाच्या शेजारी हवेतच.

"काका, डोकं दुखतंय?"

"छे रे, झोप नाही झाली."

रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर बोटाला लावला. त्यांचा आकडा 71 टक्के, माझा 74. त्या उंचीवर या आकड्यांवरून काय ठरवणार? बुटांखालचे बर्फाचे खिळे, क्रॅम्पॉन, काढायला लावले, सपाट जागा बघून आइस अॅक्सने रेघ ओढली. टाचेला बोटं लावत दहा पावलं टाकायची. दिसायला गंमतच वाटते ही चाचणी. तिसऱ्या पावलाला काका कलंडले; लडाखी गाइड आचोलेंनी त्यांना धरलं. असा तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण. यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं.

"अरे, अडीचशे मीटर राहिलेत! निम्मा सिंहगडसुद्धा नाही!"

"काका, चला."

त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. मेंदूची सूज कमी करणाऱ्या डेक्सामेथासोनच्या गोळ्या दिल्या, आखूड रोपवर बांधलं आणि मी त्यांना घेऊन वळलो. बाकीचे आठ आचोलेंबरोबर वर गेले. मलाही जायचं होतं, खोटं कशाला बोलू?

हिमनदीशी येईपर्यंत पाय सरळ पडू लागले. बेस कॅम्पला त्यांनी वाटीभर थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, खाल्ला. तिथेही थांबू दिलं नाही, दुपारीच खालच्या मनकर्मो कॅम्पला उतरवलं. माझ्याशी अवाक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी स्टोक गावात गाडीत सामान चढत होतं. काकांनी काठीने धुळीत रेघ ओढली. टाचेला बोटं लावत दहा पावलं चालले, वळले, दहा परत. मग माझ्याकडे न बघताच पुढच्या सीटवर जाऊन बसले.