नोंद सतरावी: कोलिसीचे पिवळे कार्ड आणि दोनदा आलेली फ्रेम

गेल्या नोंदीत मी मोठ्या समाधानाने लिहिले होते की, २०२३ च्या रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील दोन्ही वादग्रस्त टॅकलबाबत (टॅकल म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला अंगाने अडवून पाडणे) व्हिडिओ पाहून मी दिलेला निकाल बंकरच्या, म्हणजे मैदानाबाहेर बसून चित्रफीत तपासणाऱ्या पंचाच्या, निकालाशी जुळला: न्यूझीलंडच्या सॅम केनने दक्षिण आफ्रिकेच्या जेसी क्रीलला केलेल्या टॅकलसाठी केनला लाल कार्ड, तर दक्षिण आफ्रिकेचा सिया कोलिसी आणि न्यूझीलंडचा आर्डी सावेया यांच्या टकरीसाठी कोलिसीला पिवळेच. ते समाधान आता मागे घ्यावे लागत आहे. कोलिसीच्या बाबतीत माझे उत्तर बरोबर आले असले, तरी रीत साफ चुकली होती.

त्या टकरीत डोक्याला डोके लागले, हे निर्विवाद आहे. त्यामुळे हेड कॉन्टॅक्ट प्रोसेसमधील, म्हणजे डोक्याला लागल्यावर कोणते कार्ड द्यायचे हे ठरवण्याच्या पंचांच्या पद्धतीतील, खरा प्रश्न उरतो तो धोका किती होता, हा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ कळ दाबत एकेक फ्रेम पुढे सरकताना मला आघाताच्या ऐन क्षणी कोलिसी किंचित थबकलेला दिसला आणि त्यावरून मी ‘जोर कमी’ असे नोंदवून टाकले. रविवारी मैदानाच्या कडेचा एक प्रेक्षकही नेमका त्याच फ्रेमला थबकलेला दिसला, तेव्हा शंका आली. मोजून पाहिले तर सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रक्षेपणाची कोणीतरी ३० फ्रेमची प्रत केली होती आणि दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम पुन्हा येत होती. विक्रेत्याने ती ‘मूळ दर्जाची’ म्हणून विकली होती. त्याच्याकडून पुन्हा काही घेणे नाही.

मूळ २५ फ्रेमची प्रत मिळाली तरी अडचण संपत नाही, कारण दोन फ्रेममध्ये ४० मिलिसेकंद जातात. दोन खेळाडूंमधले अंतर सेकंदाला सात मीटरने घटत असेल, तर तेवढ्या वेळात ते २८ सेंटिमीटरने, म्हणजे अख्ख्या डोक्याच्या उंचीहून अधिक, कमी होते. खांदा आधी लागला की थेट डोके, हे ठरवणारा क्षण बहुधा फ्रेमच्या फटीतच हरवतो. इंटरलेस्ड चित्रमुद्रण असेल, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये दोन क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या ओळी गुंफलेल्या असतील, तर त्या वेगळ्या करणाऱ्या ‘याडिफ २एक्स’ फिल्टरने सेकंदाला ५० चित्रे मिळतात आणि ती फट १४ सेंटिमीटरवर येते; एका स्नेह्याकडे तशी प्रत आहे.

उचलून आपटण्याचे टॅकल त्या मानाने किती सोपे! २०११ च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात वेल्सच्या सॅम वॉरबर्टनने फ्रान्सच्या व्हिन्सेंट क्लेरला केलेला टॅकल मी पहिल्याच फेरीत, नेहमीच्या वेगात पाहून, लाल ठरवला होता. वेल्स तो सामना ८-९ असा हरले, तरी त्या निकालाविषयी मला आजही शंका नाही.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात येते की, मी चुकीचा क्षण मोजत आहे. टॅकल करणाऱ्याने उंची कमी करण्याचा प्रयत्न केला का, हे आघाताच्या फ्रेमवर नव्हे, तर त्याआधीच्या दहा-बारा फ्रेममध्ये, गुडघे आणि कंबर किती वाकली यावर कळते. मिटिगेशनचा, म्हणजे शिक्षा सौम्य करणाऱ्या कारणांचा, तो एक महत्त्वाचा आधार आहे. म्हणून ५० चित्रांची प्रत आणण्याचे तूर्त लांबवतो आणि वहीत ‘कंबरेची उंची’ हा नवा रकाना आखतो. पहिली कसोटी मात्र कोलिसीची नसेल. मार्च २०२३ मध्ये डब्लिनला इंग्लंडच्या फ्रेडी स्टुअर्डला आयर्लंडच्या ह्यूगो कीननशी झालेल्या टकरीसाठी लाल कार्ड मिळाले आणि नंतर शिस्तपालन समितीने ते रद्द करून पिवळेच पुरेसे होते असे ठरवले. तिथे रेफरी आणि समिती यांच्यात मतभेद नेमका मिटिगेशनवर झाला होता. ती टक्कर आधी नेहमीच्या वेगात तीनदा पाहायची, निकाल शाईने लिहायचा आणि मगच ‘ई’ला हात लावायचा.