केटी पेरीला शिव्या घालायच्या आणि तिकीटही काढायचं

गेलं जवळजवळ वर्षभर आमच्या मेलबर्नच्या ऑफिसात लंचला कोणाचं ना कोणाचं तोंड केटी पेरीवर सुटायचंच. विषय पगारवाढीचा असो नाहीतर वेरिबी लाइनच्या रद्द झालेल्या ट्रेनचा, फिरून फिरून गाडी तिच्यावर. आणि परवा, जूनच्या या मरणाच्या थंडीत, तिच्याच कॉन्सर्टला, रॉड लेव्हर अरीनाच्या बाहेर टी-शर्टच्या लायनीत माझ्या पुढे कोण, तर आमच्या टीममधला तोच, जो सगळ्यात जास्त बोलायचा. बरोबर बायको, दोघांच्या डोक्यावर निळे विग. मला बघून म्हणतो कसा, अगं आम्ही आपलं गंमत म्हणून आलोय. गंमत म्हणून टी-शर्ट पण घेतला त्याने, दोघांना दोन.

तेव्हापासून डोकं फिरलंय. नवरा म्हणाला ब्लॉगवर लिही, मला झोपू दे.

तर आधी थोडं मागे जाते. केटी पेरी कोण हे तुम्हाला सांगायला नको, 2010 ते 2014 मध्ये पुण्या-मुंबईत ज्याच्याकडे मोबाइल होता त्याने 'फायरवर्क' आणि 'रोर' ऐकलंच असणार, आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला तर सलग दोन वर्षं त्याच गाण्यांवर डान्स होते. 2010 च्या 'टीनएज ड्रीम' या एका अल्बममधून पाच गाणी अमेरिकेत एक नंबरला गेली, हे तिच्याआधी फक्त मायकल जॅक्सनला जमलं होतं. त्यानंतर मात्र उतार. 2017 चा अल्बम कसाबसा, 2020 चा 'स्माइल' कोणाला आठवतही नाही, मधली काही वर्षं ती अमेरिकन आयडॉलची जज. मग 2024 ला तिने कमबॅकची घोषणा केली, अल्बमचं नाव '143'. शाळेच्या बाकावर कर्कटकाने 143 कोरलेल्या आपल्या पिढीला याचा अर्थ काय ते वेगळं सांगायला नको.

जुलैमध्ये पहिलं गाणं आलं, 'वुमन्स वर्ल्ड'. बायका कशा भारी, जग आता बायकांचं. व्हिडिओत ही आणि बाकीच्या मुली दुसऱ्या महायुद्धाच्या पोस्टरवरच्या त्या कामगार रोझीसारख्या नटून बांधकामाच्या साइटवर नाचतायत, कपडे जेमतेम. लोक म्हणाले शिळ्या कढीला ऊत आणलाय. मग ती म्हणाली अहो ते उपरोधाने होतं, बायकांकडे जग ज्या नजरेने बघतं त्याची टर उडवलीय. आता जोक समजावून सांगायची वेळ आली की तो जोक राहत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही एकांकिकावाल्या पोराने तिला सांगितलं असतं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. हे गाणं बनवणाऱ्यांत डॉक्टर ल्यूक नावाचा प्रोड्यूसर होता. हाच माणूस तिच्या जुन्या हिट गाण्यांच्या मागे होता. पण याच माणसावर 2014 मध्ये केशा नावाच्या गायिकेने लैंगिक अत्याचाराचे आरोप करून केस टाकली होती. त्याने सगळं नाकारलं, उलटा बदनामीचा दावा ठोकला, आणि हे प्रकरण 2023 पर्यंत रखडत रखडत शेवटी आपसात मिटलं. आरोप कोर्टात सिद्ध झाले नाहीत हेही खरं. पण बायांच्या सन्मानाचं गाणं करायचं आणि ते नेमकं या माणसाला बरोबर घेऊन, एवढे प्रोड्यूसर जगात पडलेत ना. तिने एका पॉडकास्टवर उत्तर दिलं की बऱ्याच लोकांबरोबर काम केलं, त्यातला तो एक, आणि गाणी माझ्या अनुभवातून आली आहेत. हे उत्तर मला अजिबात पटलेलं नाही आणि ते मी आजही म्हणेन, तिकीट काढलं म्हणून माझं मत बदललेलं नाही.

पुढे सगळं घसरतच गेलं. 'वुमन्स वर्ल्ड' अमेरिकेच्या चार्टवर 63 च्या वर गेलं नाही, दुसरं 'लाइफटाइम्स' तर पहिल्या शंभरात आलंच नाही. त्याच्या व्हिडिओचं शूटिंग स्पेनच्या बेटांवर, इबिझाजवळ एस्पाल्मादोर म्हणून जागा आहे तिथल्या संरक्षित वाळूच्या टेकड्यांवर, आणि तिथलं सरकार म्हणालं परवानगीच घेतलेली नाही, चौकशी सुरू. 20 सप्टेंबरला अल्बम आला, समीक्षकांनी असा सोलला की सरासरी काढली तर शंभरात चाळीसही मार्क नाहीत. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत 48 हजारांच्या आसपास खप आणि सहावा नंबर. ज्या बाईने एका अल्बममधून पाच एक नंबर दिले तिचा हा हिशोब.

एवढं कमी होतं म्हणून 2025 च्या 14 एप्रिलला ती अंतराळात जाऊन आली, जेफ बेझोसच्या कंपनीच्या रॉकेटमधून, सहा बायका, अकरा मिनिटं. वर हातात डेझीचं फूल धरलं, लेकीचं नाव डेझी म्हणून. टूरच्या गाण्यांची यादी छापलेलं फुलपाखरू कॅमेऱ्यापुढे दाखवलं. खाली उतरून जमिनीचा मुका घेतला. झालं, इंटरनेटला सणच. वेंडीज नावाच्या बर्गरवाल्यांनी सुद्धा हात धुऊन घेतले, हिला परत वर पाठवता येईल का म्हणून विचारलं. बर्गरवाले!

आता माझा मुद्दा. ऑफिसात मी इतक्या दुपारी हे ऐकलं, त्यात डॉक्टर ल्यूकचं नाव किती वेळा निघालं असेल? अगदी सुरुवातीला एकदा-दोनदा, तेही आमच्या एचआरमधल्या बाईने काढलं, बाकीच्यांनी "हो ना, फारच वाईट" म्हणून माना हलवल्या आणि विषय संपला. उरलेलं वर्ष कशावर गेलं, तर ती कशी नाचते, वय किती झालं, तोंड कसं वेडंवाकडं करते, केस असे का कापलेत. म्हणजे जी गोष्ट खरंच विचारायची ती एका वाक्यात उरकली आणि हसण्यासाठी मात्र सगळ्यांना वेळच वेळ. आणि जिच्यावर हसायचं ती बाई, तो प्रोड्यूसर कुठे आहे, त्याची पुढची गाणी चालली की नाही, कोणाला पडलेली नाहीये. मी हे एकदा बोलून दाखवलं तर टेबलावर दोन सेकंद शांतता आणि मग कोणीतरी तिच्या नाचाची नक्कल केली.

इथे ऑस्ट्रेलियात याला जरा जास्तच धार आहे असं माझं मत. एक तर इथे तिच्याबद्दल आधीपासून अढी, सिडनीत एक फॅशन डिझायनर आहे, तिचं जन्माचं नाव उच्चाराने हेच, त्या नावाने ती कपडे विकायची, आणि ट्रेडमार्कवरून दोघींचं कोर्टात वाजलं. 2023 ला डिझायनर जिंकली, 2024 च्या नोव्हेंबरमध्ये अपिलात उलटं झालं, आणि लोकांची सहानुभूती कोणाकडे हे सांगायलाच नको. दुसरं म्हणजे ते टॉल पॉपी प्रकरण. शेतात एखादं रोप जास्त वर आलं की खुडायचं, ही इथली जुनी सवय, आणि ते स्वतःच हसत हसत सांगतात.

पण खोटं कशाला बोलू, याच सवयीचा मला रोज फायदाही होतो. आमचा डायरेक्टर स्वतःचा कप स्वतः विसळतो, त्याला सगळे नुसत्या नावाने हाक मारतात, माझ्या पहिल्या आठवड्यात त्याने मला कॉफी मशीन कसं चालवायचं ते दाखवलं. पुण्यातल्या माझ्या जुन्या ऑफिसात साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहून मी किती वेळ घालवलाय ते मला माहीत आहे. तेव्हा कोणी मोठं नाही, कोणाला डोक्यावर घ्यायचं नाही, हे मला आवडतं. फक्त ते केबिनवाल्यांपुरतं राहत नाही, धडपडलेल्या माणसावरही तेवढ्याच जोरात चालतं, तिथे माझं बिनसतं.

आणि त्यातही गंमत बघा. अल्बम पडल्यावर बरोबर आठ दिवसांनी, 28 सप्टेंबरला, हीच बाई एमसीजीवर फुटीच्या ग्रँड फायनलला गायली. फुटी म्हणजे इथलं ऑस्ट्रेलियन फुटबॉल, यांचा धर्मच, आदल्या शुक्रवारी आमच्या आख्ख्या व्हिक्टोरिया राज्याला सुट्टी. आम्ही काही मराठी घरं मिळून दरवर्षी ही मॅच बघतो, नियम कोणालाच नीट माहीत नाहीत, पावभाजी असते. ग्राउंडवर लाखभर माणूस. इथे 2011 मध्ये मीट लोफ नावाचा अमेरिकन गायक इतका वाईट गायला होता की अजून दरवर्षी त्याचंच माप लावतात, या वर्षीचा मीट लोफ होणार का म्हणून, आणि सगळे हिचा मीट लोफ व्हायची वाट बघत होते. ती आली, 'रोर' म्हटलं, जुनी गाणी म्हटली, इथल्या गायिका टीना अरीनाला स्टेजवर बोलावून तिला मान दिला, आणि शेवटी लाख माणसं 'फायरवर्क' गातायत. मग मॅचमध्ये ब्रिस्बेनच्या लायन्सनी सिडनीच्या स्वान्सना साठ पॉइंटने धुतलं, ते जाऊ दे. सोमवारी ऑफिसात तीच मंडळी, "हं, चांगलं केलं की तिने," अशी की जणू यांनी उपकार केले. आणि मंगळवारपासून पुन्हा सुरू.

मी नवऱ्याला म्हटलं आपल्याकडे असं नाही. आशाताई बघ, 2024 च्या डिसेंबरमध्ये दुबईत, 91 व्या वर्षी, 'तौबा तौबा' म्हणून त्याच्या स्टेप केल्या, आख्खा देश पाया पडला. आपण कलाकार म्हातारा झाला म्हणून फेकून देत नाही. नवरा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, 2010, कॉमनवेल्थ, रहमान. झालं. ऑस्कर आणून दीडेक वर्ष झालं होतं त्या माणसाला, आणि एका गाण्यासाठी देशाने त्याला इतकं झोडपलं की शेवटी बिचाऱ्याने माफी मागितली. मी म्हटलं ते वेगळं, त्यात सरकारी पैसा होता, आणि शिवाय ते गाणं खरंच जमलं नव्हतं. तो म्हणाला हिचं जमलं होतं का. मग मी विषय बदलला, पण अजूनही मला वाटतं की ते वेगळंच. आपण चिडतो ते आपला माणूस समजून चिडतो. तुम्हाला काय वाटतं ते सांगा, नवऱ्याची बाजू घेणार असाल तर नका सांगू.

बरं, कॉन्सर्ट. विल्यम्स लँडिंगहून ट्रेन, फ्लिंडर्स स्ट्रीटला उतरून नदीच्या कडेने चालत, वारा असा की लेकीला माझी शाल पण गुंडाळली. आत सगळी थीम व्हिडिओ गेमची, केटी म्हणजे अर्धी माणूस अर्धी यंत्र, लेव्हल पार करत जायचं. तारांवर लटकून उलटीपालटी होते, 'रोर'ला मोठ्या फुलपाखरावर बसून प्रेक्षकांच्या डोक्यावरून जाते. नाच? नाच तिला खरंच येत नाही हो. कधीच येत नव्हता, 2010 ला पण नव्हता, तेव्हा सगळ्यांना तो गोड वाटायचा.

'143' मधली गाणी लागली की लेडीज टॉयलेटची लाइन वाढायची. आमच्या पुढच्या रांगेत पन्नाशीच्या एक बाई, जांभळा विग, जुन्या गाण्यांना शब्द न् शब्द पाठ, नवीन सुरू झालं की लगेच चिप्सचं पाकीट काढायच्या. आणि माझी लेक उलटी. तिला नवीनच सगळं पाठ. 'लाइफटाइम्स' लागलं तेव्हा ती खुर्चीवर उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होती, तिला कुठे माहीत की या गाण्याची लाज वाटून घ्यायची असते. ते गाणं केटीने लेकीसाठी लिहिलंय हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली मग तू माझ्यासाठी काय लिहिलंस. तुझ्या शाळेचे फॉर्म लिहिते ना, म्हटलं.

मध्ये केटीने एका फॅन पेजवर लिहिलं होतं की ऑनलाइन जग मला माणसाचा पिन्याटा करू बघतंय. पिन्याटा म्हणजे ते रंगीत कागदाचं गाढव, आत चॉकलेटं भरून टांगतात आणि वाढदिवसाला पोरं काठीने फोडतात. इथे आता आपल्या मराठी पोरांच्या वाढदिवसांना पण असतो, औक्षण झालं की पिन्याटा. मी बघितलंय, सगळ्यात जोरात मारणाराच चॉकलेटं गोळा करायला सगळ्यात पुढे असतो. निळा विगवाला आमचा गडी आठवला लगेच.

तिकिटाचा आकडा आईला सांगितलेला नाही, तिने रुपयात गुणून मला वर्षभर ऐकवलं असतं. तिला सांगितलं लेकीच्या शाळेतर्फे होतं. तसं बघितलं तर वर्षभरात आम्ही बाहेर जेवायला किती जातो, सिनेमे किती, आणि लेकीचा पहिला कॉन्सर्ट, म्हणजे हा खर्च काही उधळपट्टीत मोडत नाही.

माझा एक मामेभाऊ आहे, नेरुळला राहतो. नोव्हेंबर 2019 मध्ये केटी पेरी डी. वाय. पाटील स्टेडियमला आली होती ना, हा घरून चालत गेला होता. त्या एप्रिलपासून मला रॉकेटचे सगळे मीम त्यानेच पाठवले, रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या ऐवजी. परवा त्याला विचारलं, तू तर पैसे खर्चून तिला बघायला गेला होतास ना रे, तर म्हणतो छे, मी दुआ लिपासाठी गेलो होतो. होती, ती पण होती त्या दिवशी. पण याच्या फेसबुकवर जाऊन बघितलं, फोटो सगळे केटीचे. तुमच्यापैकी कोणी होतं का त्या दिवशी तिथे? तेव्हा तरी नवीन गाणी लागल्यावर लोक जागेवर बसले होते का, की तिथेही वडापावच्या लायनीत?