डाव्या स्पीकरात फोन, उजव्यात सीडी

घरी बनवलेल्या अँप्लिफायरला चार इनपुट हवे होते, फोन, कॉम्प्युटर, टीव्ही आणि जुना सीडी प्लेअर, म्हणून रोटरी सिलेक्टर स्विच (नॉब फिरवून एकेक इनपुट निवडायचा) टाकायचं ठरवलं. तासाभराचं काम वाटलेलं, गेला अख्खा रविवार. आणि सगळं सोल्डर करून नॉब एकवर ठेवला तर डावीकडून फोनवरचं गाणं आणि उजवीकडून सीडी!

स्विच २ पोल ६ पोझिशनचा. पोल म्हणजे एकाच दांड्यावर एकदम फिरणारे किती वेगळे स्विच आत आहेत ते, आणि पोझिशन म्हणजे प्रत्येकाला थांबायला किती जागा. स्टिरिओला डावा-उजवा असे दोन पोल पुरतात, ग्राउंड (सिग्नलची परतीची वायर) सगळ्यांचा एकत्र. सहाच्या चार पोझिशन करायला नटाखाली एक दात असलेला वॉशर असतो, दांडा उलटा शेवटपर्यंत फिरवायचा आणि तो दात योग्य भोकात बसवायचा, झालं. (पहिल्यांदा असा स्विच आणला तेव्हा हा वॉशर फालतू समजून फेकला होता मी.)

माझा घोळ झाला तो कागदामुळे. आकृती काढली नॉबच्या बाजूने आणि वायरी जोडल्या मागच्या बाजूने, आणि मागून बघितलं की क्रम उलटा होतो हे डोक्यातच आलं नाही. डावीकडच्या पिनांवर कोरलेले बारीक आकडे दिसत होते म्हणून ती बाजू बरोबर लागली, उजवीकडचे वायरींच्या मागे गेले म्हणून तिथे कागदावर विश्वास ठेवला. पाच मिनिटं मल्टिमीटर बीपवर ठेवून (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो) प्रत्येक पोलची मधली पिन कुठल्या पिनेला लागते ते आधीच तपासलं असतं तर वाचलो असतो.

मीटर हातात होताच म्हणून अजून एक बघितलं. शेजारच्या दोन पिनांवर प्रोब ठेवून दांडा हळू फिरवला. मध्येच बीप आला तर तो शॉर्टिंग टाइप, म्हणजे पुढची पिन पकडल्यावर आधीची सोडतो. इनपुटला तो नको कारण क्षणभर दोन मशीनचे आउटपुट एकमेकांत भिडतात. पण फीडबॅकमधले (आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटकडे नेणाऱ्या वाटेतले) रेझिस्टर बदलून गेन, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा ते, कमीजास्त करायचा असेल तर नेमका तोच लागतो, नाहीतर मधल्या क्षणी फीडबॅक तुटतो आणि स्पीकर दणकन वाजतो. माझा नॉन-शॉर्टिंग निघाला, नशीब. तरी बदलताना टक-टक यायचं, ते प्रत्येक इनपुटपासून ग्राउंडला १ मेगाओहमचा रेझिस्टर लावल्यावर गेलं.

आणि हो, असल्या नाजूक स्विचवरून मेन्सची (घरच्या विजेची) लाइन फिरवू नका, प्लीज.

शेवटी उजवीकडच्या चारही वायरी उपटून उलट्या क्रमाने लावल्या. त्यातल्या दोन आखूड पडल्या, त्यांना जोड दिलाय, झाकण लावल्यावर दिसत नाही.