४३ मिनिटे, ९ सांधे

रविवार, १५ जून, नौपाडा

पाऊस कोसळत असतानाही आज दुपारी आठपैकी सात जण वेळेवर पोहोचले. खारघरहून येणारा आठवा मित्र पनवेल-ठाणे गाडी रखडल्यामुळे तासाभराने भिजलेल्या सॅकसह उगवला, तोपर्यंत कांदाभज्यांची पहिली ताटली संपलेली होती. विषय ठरलेलाच होता. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३ सालच्या अल्बमवर, त्यातील एखाद्याच गाण्यावर नव्हे तर पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंतच्या सगळ्या ४३ मिनिटांवर, आपण आठ जणांनी मिळून हौसेने एक व्हिडिओ करायचा.

मी आदल्या रात्रीच तक्ता तयार करून ठेवला होता. डावीकडे दहा गाणी, उजवीकडे रिकामी जागा. ‘मनी’साठी चौघांनी एकदम हात वर केले आणि ‘ऑन द रन’ कोणालाच नको होते, कारण त्यात शब्द नाहीत, चाल म्हणावी अशी चाल नाही, नुसती सिंथेसायझरवर धावणाऱ्या आठ सुरांची पुनरावृत्ती आहे. अखेर ऐरोलीच्या मावसभावाने, जो लग्नांचे व्हिडिओ संपादित करून पोट भरतो, ते आपल्याकडे घेतले आणि वर असेही ऐकवले की वरातीचे चार तासांचे फुटेज ज्याने कापले आहे त्याला पुनरावृत्तीची भीती कसली. अर्ध्या तासात तक्ता भरला. मला फार बरे वाटले, आणि ते बरे वाटणे पुढच्या ४३ मिनिटांत पार उतरले.

कारण तक्ता हातात घेऊन आम्ही अल्बम लावला, तेव्हा नेरूळची मैत्रीण, जी हाताने चित्रे काढून ॲनिमेशन करते, तिने तिसऱ्याच मिनिटाला विचारले, “पण माझे गाणे नेमके सुरू कुठे होते?” कोणालाही नीट बोट ठेवता येईना. हृदयाच्या ठोक्यांतून आवाजांचा गलका उठतो आणि एका किंकाळीतून पुढचे गाणे उलगडते. पळणाऱ्या पावलांच्या शेवटी स्फोट होतो आणि त्याच्या विरत्या धुरातून घड्याळांची टिकटिक ऐकू येऊ लागते. ‘अस अँड देम’ कुठे संपते हे कळायच्या आत पुढची वाद्यरचना सुरू झालेली असते. हा अल्बम मी वीस वर्षे ऐकतो आहे. त्यातील गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत हे मला ठाऊक नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल, परंतु ऐकताना ज्याचा आनंद होतो तीच गोष्ट वाटणी करताना अडचण होऊन बसते, हे आज प्रथमच समजले.

मंगळवार, १७ जून

कार्यालयातून परतताना तक्ता पुन्हा काढला. दहा गाण्यांमध्ये नऊ सांधे आहेत, आणि माझ्या तक्त्यात त्या नऊ सांध्यांना मालक नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्हा चौघांची अशीच एक फजिती झाली होती. तेव्हा एकच गाणे होते आणि त्याचे चार तुकडे केले होते. प्रत्येकाने आपापला तुकडा जीव ओतून केला. शेवटी सगळे एकत्र जोडले तेव्हा चार वेगवेगळ्या बिऱ्हाडांचे सामान एकाच टेम्पोत भरल्यासारखे दिसले. शिवाय एकाने फोनवर चित्रित केलेला भाग हळूहळू सुरांच्या मागे पडत गेला. पुष्कळ शोधाशोध केल्यावर कळले की फोन दर सेकंदाला ठरावीक फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे, घेत नाही. उजेड कमी झाला की तो गुपचूप वेग बदलतो, आणि संपादनाच्या टाइमलाइनवर तो बदल बोटे सुरांशी न जुळण्यातून उघडा पडतो. त्या व्हिडिओतील गिटारवादकाची बोटे शेवटच्या कडव्यात स्वरांच्या पाऊण सेकंद मागे होती. तो व्हिडिओ आम्ही कोणालाच दाखवला नाही.

२०२३ मध्ये अल्बमला पन्नास वर्षे झाली, तेव्हा बँडने ॲनिमेशन करणाऱ्यांसाठी स्वतःच एक स्पर्धा जाहीर केली होती, आणि तिच्यात दहांपैकी कोणत्याही गाण्यावर व्हिडिओ करायचा होता. गाणे सुटे केले की स्पर्धा घेता येते, पारितोषिक देता येते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र आम्हाला स्पर्धा जिंकायची नसल्यामुळे गाणे सुटे करण्याची सवलत घेण्याचेही कारण नाही.

म्हणून आज रात्री सर्वांना नवा नियम कळवला. प्रत्येकाने आपल्या गाण्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा सेकंदेही करायची, म्हणजे प्रत्येक सांध्यावर दोघांचे काम एकमेकांवर चढलेले असेल; मग त्या दोघांनी एकत्र बसून त्या वीस सेकंदांतून काय ठेवायचे ते ठरवायचे. दुरून संदेश पाठवून हे ठरवायचे नाही. नेरूळ आणि कळवा यांतील अंतर फार नाही, आणि मध्ये ठाण्याला उतरून वडापाव खाता येतो.

पहिल्या गाण्याचे काम मात्र कोणालाही देऊ नये असे मी सुचवले आहे. ‘स्पीक टू मी’ ही खरे तर नांदी आहे. पुढे येणाऱ्या सगळ्या गाण्यांतील आवाज, म्हणजे घड्याळे, गल्ल्याची खणखण, हसणे, किंकाळी, त्यात थोडे थोडे ऐकू येतात. नांदी जशी नाटक बसल्यावरच नीट बसते, तसे हे सर्वांत शेवटी, बाकीच्या नऊ भागांतून कात्रणे घेऊन करायचे.

रविवार, २२ जून

आजची बैठक कळव्याला झाली आणि ती जवळजवळ संपूर्ण तांत्रिक गोष्टींवर गेली, तरीही कंटाळा आला नाही.

पहिला वाद फ्रेमच्या वेगाचा. मावसभाऊ सेकंदाला २५ फ्रेमवर ठाम होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइटखाली ३० फ्रेमवर चित्रण केले की कित्येकदा पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात, आणि मंगल कार्यालयांतील चित्रणात त्याने हे पुरेपूर भोगले आहे. नेरूळच्या मैत्रिणीला २४ हवे होते, कारण एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायचे तर तिला सेकंदाला बारा चित्रे पुरतात आणि तिचा सगळा हिशेब बारावर बसलेला आहे. शिवाय मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर २४ च्या वेगात एक ठोका बरोबर बारा फ्रेमवर पडतो, २५ मध्ये साडेबारावर, आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही. यावर मावसभावाचे उत्तर असे होते की अर्धी फ्रेम म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, तो कोणाच्या बापालाही दिसत नाही, पट्टे मात्र सासूबाईंनाही दिसतात. निर्णय २५ च्या बाजूने झाला. फोनवर वेग बांधून ठेवणारे ॲप सर्वांनी वापरायचे आणि शटर १/५० सेकंदावर ठेवायचा, हेही ठरले. मला २४ अधिक आवडले असते, पण ते लिहून ठेवण्यापलीकडे त्याचा आग्रह धरण्यात अर्थ नव्हता.

खरी मजा ‘मनी’वर आली. कळव्याचा मित्र तबला वाजवतो आणि तो आजवर रॉकच्या वाटेला कधी गेलेला नाही. केवळ आमच्या आग्रहाखातर या उद्योगात आला आहे. त्याने डोळे मिटून हातावर मात्रा मोजल्या आणि म्हणाला, “अरे, हे तर सातात आहे.” मग सात मात्रांच्या रूपक तालाचे बोल म्हणून पाहिले, पण रूपकाची तीन-दोन-दोन अशी विभागणी या गाण्याच्या अंगावर बसत नाही असे त्याचे मत पडले. सुरुवातीचा नाण्यांचा आणि गल्ल्याचा आवाज टेपचे तुकडे फूटपट्टीने मोजून, कापून, चिकटवून केलेला आहे आणि त्यात मात्रेमागे एक असे सात आवाज येतात, हे सांगितल्यावर तो खूश झाला. सॅक्सोफोनपर्यंत सात मात्रा चालतात. गिटारचा एकल भाग आला की गाणे चारात जाते आणि नंतर पुन्हा सातात परतते. त्यामुळे कट कुठे द्यायचे हे आता संपादकाने नव्हे तर तबलजीने ठरवायचे, असे सर्वानुमते झाले. तो गाणे ऐकत टेबलावर टिचक्या मारणार आणि त्या टिचक्यांवर टाइमलाइनवर खुणा पडणार. माणसांनी टेपवर वाजवलेले संगीत यंत्रासारखे समान चालत नाही, ते कुठे श्वास घेते आणि कुठे पुढे रेटते, म्हणून हिशेबाने खुणा पाडण्यापेक्षा हाताने पाडलेल्या बऱ्या.

घड्याळांच्या बाबतीत उलटा अनुभव आला. ‘टाइम’च्या आरंभी जी घड्याळे एकदम वाजतात, ती ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून मुद्रित केली होती आणि मागाहून एकत्र जुळवली होती. आपणही आठ घरांतील आठ घड्याळे टोल्याच्या क्षणी चित्रित करू, अशी माझी कल्पना होती. चौकशी केली तर आठ घरांत मिळून टोले देणारी घड्याळे दोनच निघाली. बाकी सगळीकडे भिंतीवर मुकी क्वार्ट्झ घड्याळे आहेत. मग आवाज अल्बमचाच असणार आहे तर चित्रात घड्याळच कशाला हवे, या प्रश्नातून यादी वाढत गेली: कुकरची शिट्टी सुटण्याचा क्षण, दूधवाल्याने दाबलेली दारावरची बेल, शाळेची लोखंडी थाळी, कौपिनेश्वराच्या देवळात घंटेपर्यंत न पोहोचणारा आणि म्हणून उडी मारणारा मुलगा. माझ्या मूळ कल्पनेपेक्षा हे कितीतरी चांगले आहे.

ड्रोनची सूचना मी फेटाळली. विमानतळाच्या आसपासचे आकाश आणि खाडीचे अभयारण्य या दोन्हींमुळे परवानग्यांचा डोंगर उभा राहिला असता, आणि फ्लेमिंगो तर केव्हाच निघून गेलेले आहेत. ‘अस अँड देम’साठी पावसातील तलावपाळी पुरेल: पाण्यावर थरथरणारे दिवे, छत्र्या, आणि एकमेकांकडे न पाहता जाणारी माणसे. त्रिकोणी लोलक आणि सप्तरंगी पट्टा कोणीही, कुठेही, कौतुकानेसुद्धा वापरायचा नाही. तो मुखपृष्ठावर आहे, तिथेच त्याला राहू द्यावे.

निघताना नावांचा प्रश्न निघाला. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये गायिका क्लेअर टोरी यांनी एका रविवारी येऊन शब्दांविना जे गायले, त्याचे त्यांना तेव्हा ३० पौंड मिळाले, रचनेत त्यांचा वाटा मानला जाऊन सहरचनाकार म्हणून नाव लागले ते २००५ मध्ये, न्यायालयात दावा लावल्यानंतर झालेल्या तडजोडीने. आमच्यात पैसा नाही, पण नाव आहे. टिचक्या मारणाऱ्याचे नाव संपादकांच्या रांगेत यायला हवे, ‘साहाय्य’ या सदरात नव्हे, आणि प्रत्येक सांध्याखाली दोघांचीही नावे यावीत. कळव्याचा मित्र संकोचला. मी वहीत लिहून टाकले.

रविवार, २९ जून

व्हिडिओ दाखवायचा कुठे, हे टाळत होतो ते आज टळले नाही. यूट्यूबवर टाकला तर यंत्रणा ध्वनिमुद्रण काही क्षणांत ओळखणार, आणि मग जाहिरातींचे उत्पन्न हक्कधारकाकडे जाणार किंवा व्हिडिओ अडवलाच जाणार. त्याबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालतो, म्हणजे या अल्बमच्या बाबतीत २०३३ अखेरपर्यंत. तोवर आमची वये काय होतील याचा हिशेब कोणीतरी केला आणि सगळे गप्प झाले.

तोडगा कोपरीच्या काकांनी सुचवला. ते आमच्यातील कोणाचेच सख्खे काका नाहीत, पण त्यांच्याकडे अल्बमची तबकडी आहे आणि ती वाजवणारे जुने यंत्रही आहे. चित्राची फाइल मूक ठेवा, आवाज माझ्या तबकडीवरून येईल, आणि दिवाणखान्यात वीस माणसे सहज मावतील, असे ते म्हणाले.

म्हणून आज चाचणी घेतली. काळ्या पडद्यावर फक्त मिनिटे-सेकंदे आणि गाण्याचे नाव, इतकीच फाइल मी करून नेली होती. सुई टेकताच मावसभावाने लॅपटॉपवर बटण दाबले. ‘ऑन द रन’च्या शेवटचा विमान कोसळल्याचा आवाज आला तेव्हा पडद्यावर अजून दोन सेकंद बाकी होती, म्हणजे तबकडी पुढे पळत होती. वेगात अर्ध्या टक्क्याचा फरक असला तरी ४३ मिनिटांत तो तेरा सेकंदांच्या घरात जातो, आणि तेरा सेकंदांत माझे नऊच्या नऊ सांधे मातीत गेले असते. काकांनी शांतपणे यंत्राचा लहान दिवा लावला. फिरत्या थाळीच्या कडेवर ठिपक्यांच्या ओळी असतात; वेग अचूक असला की त्या दिव्याच्या उजेडात ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. आज ते हळूहळू पुढे सरकत होते. “हा दिवाही तुमच्या त्या पन्नास हर्ट्झवरच चालतो,” असे सांगत त्यांनी बाजूची चकती केसभर फिरवली आणि ठिपके थांबले. मावसभावाने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिले.

दुसऱ्यांदा लावले तेव्हा घड्याळे वेळेवर वाजली. ‘द ग्रेट गिग’ विरत गेले, सुई आतल्या चरावर गोल फिरत राहिली, आणि काका उठले, त्यांनी तबकडी दोन्ही तळव्यांत धरून उलटवली, मऊ ब्रशने धूळ टिपली. खोलीत कोणी बोलले नाही. पडद्यावरचे आकडे मात्र बेफिकीरपणे पुढे धावत होते, कारण मी संपूर्ण अल्बमची एकच फाइल केली होती. आता दोन फाइली कराव्या लागतील, पहिली बाजू आणि दुसरी बाजू, आणि ‘मनी’च्या आधीची जी दहा सेकंदे नेरूळ आणि कळवा मिळून करणार होते ती लागणारच नाहीत.

दोघांना फोन करून हे सांगितले. नेरूळची मैत्रीण म्हणाली की त्या दहा सेकंदांची एकशेवीस चित्रे तिने कालच पूर्ण केली आहेत.

(तिने २५ चा नियम मानलेलाच नाही, हे माझ्या आत्ता, लिहिताना लक्षात आले.)