बडोदे ते कंबोई: पाण्याच्या मागोमाग

खंभातच्या आखाताकाठी कावी-कंबोईला जायचं तर आधी भरतीची वेळ विचारावी, मग गाडीत पेट्रोल भरावं. स्तंभेश्वर महादेवाची पिंड भरतीत बुडते आणि ओहोटीत दर्शन देते. वेळ चुकली की लांबूनच समुद्राला हात जोडून परत फिरायचं. आम्ही २०२५च्या उन्हाळ्यात गेलो. दांडिया बाजारातून निघून, शेव-उसळ चापून (हे बडोद्यात टाळता येत नाही).

काळा घोड्याच्या पुलावर मामेभावाने गाडी बाजूला घेतली. खाली विश्वामित्रीत पोकलेन घरघरत होते. २०२४च्या ऑगस्टमध्ये इथे पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी २६ फूट. म्हणून पावसाळ्याआधी गाळ उपसून पात्र रुंद करायचा घाट घातलेला. पावागडाकडून येणारी ही नदी, वर आजवा तलावाचं पाणीही हिच्यातच सुटतं. पूर आला की तो आधी काठच्या कोतरांत (म्हणजे घळींत), तळ्यांत शिरायचा. त्या कोतरांत वर्षानुवर्षं राडारोडा पडला आणि वर सोसायट्या उठल्या. नुसतं पात्र खणून ती जागा भरून निघेल, हे मला काही पटत नाही. शिवाय याच काठांत मगरींची बिळं. मादी उन्हाळ्यात काठावरच्या मातीत अंडी घालते, पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. म्हणजे पोकलेनचा हंगाम आणि अंड्यांचा हंगाम एकच.

पादऱ्याला नुसता चहा झाला.

विश्वामित्री आपल्या वाटेने ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखातात जाते. पण बडोद्याच्या पाण्याला आणखी एक वाट आहे. शहराभोवतीच्या रासायनिक कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी धनोऱ्यापासून जंबुसर तालुक्यातल्या सारोदपर्यंत, सुमारे ५५ किलोमीटर, एका कालव्याने जातं. १९८३पासून. नद्या वाचाव्यात म्हणून ही सोय, आणि त्यात तथ्य आहे. पण कालवा संपतो तिथे मही नदीचं मुख आहे, मासे आहेत, माणसं आहेत. वर कडाणा धरण आणि वणाकबोरीचा बंधारा असल्याने नदीचं गोडं पाणी खाली बेतानेच येतं. शहराच्या दृष्टीने प्रश्न मिटला, एवढंच.

कंबोईला ओहोटी लागलेली. पिंडीभोवती घोटाभर चिखल, अभिषेकाच्या दुधात कालवलेला. देवळापासून थोडं बाजूला गेलो तर खारफुटी. झाडं जेमतेम कमरेएवढी, पण भोवताली श्वसनमुळं पेन्सिलींसारखी चिखलातून वर आलेली, आणि त्यांच्या मधून निवट्या (चिखलातले मासे) टुणकन उड्या मारत होत्या. एका मुळाशी गाळ धरून चांगला वीतभर उंचवटा झाला होता. त्याच्यापुढे, जिथे झाडं नव्हती, तिथे किनारा सरळ कापलेला, मातीचे थर मोजता येतील असा. भरतीओहोटीत पाणी इथे काही मीटर चढतं-उतरतं. उघडी माती त्यापुढे टिकत नाही. जंबुसरच्या किनाऱ्यावर गावकऱ्यांना हाताशी धरून खारफुटी लावली गेली आहे. लावण्यापेक्षा गुरांपासून राखणं अवघड, असं तिथला नारळवाला म्हणाला.

शिट्ट्या वाजल्या, पाणी फिरलं होतं. निघालो.

रात्री मामांना नदी रुंद होतेय म्हणून सांगितलं. पुरानंतर त्यांनी इन्व्हर्टर माडीवर नेला आहे. "मग आता खाली आणायचा का?" भावाने विचारलं.

"अरे, दोन पावसाळे जाऊ देत," मामा म्हणाले, "आणि फ्रिजही वर न्यायचाय, उद्या जरा हात लाव."